नॉमिनी केलाय, मग मृत्युपत्र कशाला?

मागच्या अंकात या सदरात वारस नोंदीवर थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेते. मी साताऱ्यात दिवाणी कामं बघते. वाटपाचे दावे हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे वाचकांनी पुढचं सगळं मनावर घेतलं तर नुकसान माझंच आहे. बहुतेकांनी ‘नाव छापू नये’ असं कळवलंय, म्हणून गावं तेवढी ठेवली आहेत.

आधीच एक सांगून टाकते. म्हापशाचं पत्र सोडलं तर ही उत्तरं हिंदू वारसा कायदा लागू असणाऱ्यांसाठी आहेत. त्यात बौद्ध, जैन, शीख आले. मुस्लिम वाचकांना वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी वाचकांचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमाने चालतो. त्यांनी यातले वाटे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत.

प्रश्न : मी निवृत्त माध्यमिक शिक्षक, वय ७४. पुण्यात धनकवडीला स्वकष्टाचा फ्लॅट आहे. गावाकडे वडिलांकडून आलेली पावणेदोन एकर जमीन, दोन बँकांत आणि पोस्टात ठेवी, थोडे म्युच्युअल फंड. दोन मुलगे, एक मुलगी, सगळे आपापल्या घरी सुखी. फ्लॅटपासून फंडापर्यंत सगळीकडे पत्नी नॉमिनी आहे. धाकटा म्हणतो, ‘बाबा, नॉमिनी आहे ना, मग मृत्युपत्राचं काय काढलंत?’ त्याचं बरोबर आहे का? – कराड

उत्तर : गुरुजी, बरोबर नाही. पण त्याला रागावू नका, शिकलेसवरलेले लोकही हेच धरून चालतात. नॉमिनी म्हणजे तुमच्या माघारी रक्कम हातात घ्यायला तुम्ही नेमलेला माणूस. त्याला पैसे दिले की बँक मोकळी झाली, एवढाच त्या फॉर्मचा अर्थ. आपण घरी नसताना कुरिअर शेजाऱ्यांनी सही करून घेतलं, म्हणून त्यातली पैठणी शेजारीणबाईंची होत नाही.

विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल मध्यंतरी उलटसुलट निकाल आले. तो गोंधळ डिसेंबर २०२३ मध्ये मिटला, आणि तोही मराठी घरातल्या खटल्यातून. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगांवकरांच्या मिळकतीवरून निघालेलं ते प्रकरण होतं. निकाल असा की नॉमिनी मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राप्रमाणे जाते, आणि ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. अपवाद आयुर्विम्याचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल तर विम्याचा पैसा खरोखर त्यांचाच होतो.

फ्लॅटचंही तेच. तुमच्यानंतर सोसायटी नॉमिनीला सभासद म्हणून घेईल, पण वारस ठरेपर्यंत तात्पुरता. तुम्ही काहीच न लिहिता गेलात तर फ्लॅटचे चार समान वाटे होतात : पत्नी, दोन मुलगे, मुलगी. तुमच्या मातोश्री हयात असतील तर पाच, कारण आई पहिल्या वर्गाची वारस आहे. (वडील नाहीत. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो.) म्हणजे उद्या वहिनींना तो फ्लॅट विकून गावी यायचं म्हटलं, तर तीन मुलांच्या सह्या लागणार. मुलं चांगली असतात हो. पण एखादा परदेशात असतो, एखाद्यावर कर्ज असतं, आणि सही मागायला गेलं की सहीला किंमत येते.

आता जमीन. ‘वडिलांकडून आलेली’ असं तुम्ही लिहिलंत, पण सातबाऱ्यावर आज नाव कोणाचं आहे ते लिहिलं नाहीत. वडिलांचंच असेल तर मृत्युपत्राच्याही आधी ते काम हातात घ्या. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे (आता हुद्दा ‘ग्राम महसूल अधिकारी’) अर्ज द्यायचा. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायला शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढली, यावरून किती मेलेली माणसं अजून शेतं कसताहेत याचा अंदाज करा.

अर्जात बहिणींची नावं गाळू नका. ‘त्यांना कुठे पाहिजे’ असं म्हणून गाळलेली बहीण पंधरा वर्षांनी भाच्यांच्या रूपाने कोर्टात उभी राहते. तिला खरंच नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. वडिलोपार्जित मिळकतीचं जवळच्या नात्यात केलेलं हक्कसोड ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं. आणि फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी शाबीत झाली असंही नाही. महसुली नोंद ही सारा कोणाकडून घ्यायचा याची नोंद असते.

ही जमीन ‘वडिलोपार्जित’ आहे की तुमची स्वतःची, हा प्रश्नही आहेच. गावात आपण वडिलांकडून आलेल्या सगळ्यालाच वडिलोपार्जित म्हणतो. पण ती वडिलांची खासगी खरेदी असेल आणि १९५६ नंतर ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर तुमच्या वाट्याला आलेला हिस्सा तुमचा एकट्याचा. त्यावर मुलांचा जन्मतः हक्क नाही. आजोबा-पणजोबांपासून एकत्र कुटुंबात आलेली असेल तर मुलगे आणि मुलगी तिघेही जन्मापासून हिस्सेदार आहेत. मुलीच्या बाबतीत २००५ ची दुरुस्ती आणि ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी शंकेला जागा ठेवलेली नाही. अशा जमिनीतला फक्त स्वतःचा हिस्सा तुम्हाला मृत्युपत्रात घालता येतो. तेव्हा तहसील कचेरीतून जुने फेरफार काढा. सातबाऱ्याचा आजचा उतारा बघून याचं उत्तर मिळत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत लिहा. फ्लॅटचा क्रमांक, सोसायटीचं नाव, भागपत्राचा (शेअर सर्टिफिकेटचा) नंबर; जमिनीचा गट नंबर; बँकेचं नाव आणि शाखा. ठेवींचे आकडे लिहू नका, ते दर वर्षी बदलतात. शेवटी ‘याशिवाय माझी जी काही मिळकत निघेल ती अमुक यांना’ हे वाक्य टाकाच, नाहीतर विसरलेलं एक पोस्टाचं खातं सगळ्यांना कोर्टात नेईल. ज्याला देताय तो तुमच्या आधी गेला तर काय, तेही एका ओळीत लिहा. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक म्हणून एकाचं नाव घाला. कोणाला कमी-जास्त देत असाल तर कारण द्या, टोमणा न मारता. ‘थोरल्याच्या शिक्षणाला आणि घराला पूर्वीच मदत केली आहे’ एवढं पुरतं.

आणि ते आवडतं वाक्य, ‘पत्नीने हयातभर उपभोग घ्यावा, विकू नये, तिच्या पश्चात मुलांना’, ते लिहिण्याआधी दहादा विचार करा. त्या वाक्याने बाई घराची राखणदार होते. तिला आजारपणात ते घर विकता येत नाही. मला ते कधीच आवडलेलं नाही. विश्वास असेल तर पूर्ण मालकी द्या.

साक्षीदार दोन लागतात. दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं आणि तुमच्यासमोर सही केलेली असावी. वय बघून निवडा. माझ्याकडे एक मृत्युपत्र आलं होतं, टाइप सुबक, पानोपानी सही, डॉक्टरांचा दाखला जोडलेला. साक्षीदार मात्र दोघेही लिहून देणाऱ्यापेक्षा वयाने मोठे, सकाळी बरोबर फिरायला जाणारे. मृत्युपत्र उघडायची वेळ आली तेव्हा दोघेही हयात नव्हते. वाद निघाला तर निदान एक साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो. कोणीच नसेल तर साक्षीदाराचं हस्ताक्षर ओळखणारा माणूस शोधायचा. एका साक्षीदाराची लेक वडिलांची दुधाच्या हिशेबाची वही घेऊन आली. पानाच्या तळाशी महिनाअखेरची सही, ‘र’ची तीच लांब शेपटी. त्या वहीवर आमचं काम निभावलं. तुम्ही चाळिशीतले साक्षीदार घ्या.

प्रश्न : यजमान जाऊन सहा वर्षं झाली. बंगला त्यांच्या नावावर होता, आता प्रॉपर्टी कार्डावर माझं नाव आहे. मुलगा-सून माझ्याजवळ राहतात, मुलगी संगमनेरला दिली आहे. मुलगा म्हणतो, बक्षीसपत्र करून टाकू, दोनशे रुपयांत होतं, नंतर कटकट नको. मुलगी काही बोलत नाही. करावं का? – नाशिक

उत्तर : ताई, आधी मला सांगा, कार्डावर तुमचं एकटीचं नाव लागलं कसं? यजमानांनी मृत्युपत्राने बंगला तुम्हाला दिला होता का? मुलांनी नोंदणीकृत हक्कसोड दिलं होतं का? दोन्ही नसेल, आणि त्यांच्या मातोश्री आधीच वारलेल्या असतील, तर कार्ड काहीही म्हणो, तुमचा हिस्सा एक-तृतीयांश आहे. उरलेला मुलाचा आणि मुलीचा. मग तुम्ही अख्ख्या बंगल्याचं बक्षीसपत्र करूच शकत नाही, आणि न बोलणारी मुलगी हे बहुधा तुमच्याआधी कुणाला तरी विचारून बसली आहे.

दोनशे रुपयांचं म्हणणं खरं आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये, वर स्थानिक अधिभार वगैरे. मुलाला वाईट हेतू चिकटवू नका; हे स्वस्तातलं गणित आता गल्लोगल्ली माहीत झालंय. पण बक्षीसपत्र नोंदवलं की त्या दिवसापासून घर त्याचं. तुम्ही त्याच्या घरात राहणार. उद्या त्याने ते तारण ठेवलं, तो तुमच्याआधी गेला, सुनेशी पटेनासं झालं, तर तुमच्या हातात काही नाही. मृत्युपत्र तुम्ही असेपर्यंत नुसता कागद असतो. मन बदललं, फाडा, दुसरं लिहा. शेवटचं लिहिलेलं खरं.

तरीही बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर दस्तात दोन गोष्टी शब्दांत लिहून घ्या : तुम्हाला मरेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क, आणि तुमचा सांभाळ करण्याची अट. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर परत मिळवता येते. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात जायचं. ती अट दाखवावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं; जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात हा कायदा म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने उदारपणे वाचावा असंही म्हटलं. पण तुम्ही निकालांच्या भरवशावर राहू नका. ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी’ एवढंच छापील वाक्य असलेला दस्त घेऊन येणाऱ्या आयांना मी काय सांगायचं, ते मलाच कळत नाही.

माझं मत विचारलंत तर घर स्वतःकडे ठेवा. दोघांना जे द्यायचं ते मृत्युपत्रात लिहा. जो सांभाळतो त्याला जास्त द्या, आणि हे मुलीला तुमच्या तोंडून कळू द्या.

प्रश्न : मी खासगी कंपनीतून निवृत्त. पती वारले, मूलबाळ नाही. फ्लॅट माझ्या पगारातून, माझ्या कर्जातून घेतलेला. सासरचे संबंध नावापुरते. माझं सगळं भाऊ आणि भाची करतात. माझ्यानंतर फ्लॅट आपोआप भावाकडे जाईल ना? – डोंबिवली

उत्तर : नाही. आणि हे वाचून झाल्यावर आठवड्याच्या आत मृत्युपत्र करा.

हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत आधी नवरा आणि मुलांकडे जाते. ती नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. म्हणजे दीर, नणंद, पुतणे. तिचे आईवडील त्यांच्यानंतर, आणि भाऊ त्याहूनही मागे. मिळकत आईवडिलांकडून आलेली असेल तरच, मूल नसताना, ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वतः कमावलेल्या मिळकतीला ती सवलत नाही. पुरुषाच्या वारसांत सासुरवाडी कुठेच नाही, बाईच्या वारसांत सासर आधी. १९५६ साली बाईची स्वतःची कमाई असेल हे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे फारसं नव्हतं, एवढंच म्हणते.

२००९ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी बाईला घराबाहेर काढलं. माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसा साठवला. मृत्युपत्र न करता गेली. तिच्या पैशावर दोघांनी हक्क सांगितला, तिच्या माहेरच्यांनी आणि ज्यांनी तिला हाकललं त्यांनी. न्यायालय म्हणालं, सहानुभूती आमची आहे, पण कायदा असाच आहे. पैसा सासरच्यांना गेला.

मृत्युपत्राने हे सगळं एका पानात टळतं. मिळकत तुमची स्वतःची, ती भाचीला द्या, संस्थेला द्या, कामवालीला द्या, कोणी अडवू शकत नाही. भाचीचं नाव नॉमिनी म्हणूनही लावा म्हणजे सोसायटीत तिला हेलपाटे पडणार नाहीत. तुमचं वाद होण्यासारखं प्रकरण आहे, म्हणून नोंदणी कराच आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. साक्षीदार भाऊ-भावजय नकोत. आणि भविष्य निर्वाह निधीचं खातं अजून चालू असेल तर तिथला नॉमिनी बघा. लग्नाआधी भरलेलं नामनिर्देशन लग्न झालं की रद्द ठरतं, आणि तुमच्या बाबतीत नंतरचं पतींच्या नावे असेल.

प्रश्न : बाजारपेठेत दुकान, राहतं घर आणि पुण्यात एक फ्लॅट आहे. दोन मुलगे, एक मुलगी. धाकटा मुलगा आमचं बघतो, सगळं त्याच्या नावे करायचं आहे. पुण्याच्या वकिलांनी मृत्युपत्राचा मसुदा पाठवला आहे, तो चालेल का? – म्हापसा, गोवा

उत्तर : भाऊ, तो मसुदा बाजूला ठेवा. पुण्याच्या वकिलांची चूक नाही, पण गोव्याची गोष्टच निराळी. तुमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालत आला आणि तो आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आहे. धर्म कुठलाही असो, सगळ्यांना तोच.

लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर दुकान, घर, फ्लॅट, सगळ्यात अर्धा वाटा वहिनींचा आजच आहे. तुमच्या माघारी नाही, आज. तो तुम्ही देऊ शकत नाही. तुमच्या अर्ध्यातला पुन्हा अर्धा मुलांसाठी राखीव. त्याला तुमच्याकडे ‘लेजितिम’ म्हणतात, आणि त्यात तिन्ही मुलं समान. उरला एकूण मिळकतीचा चौथा भाग. तेवढाच तुम्ही मनाप्रमाणे धाकट्याला देऊ शकता. वहिनींचंही मत तसंच असेल तर त्या आपल्या अर्ध्यातला मोकळा भाग त्यांच्या मृत्युपत्राने त्याला देऊ शकतात, म्हणजे दोघांचं मिळून निम्मं त्याच्याकडे जाईल.

पुण्याचा फ्लॅट महाराष्ट्रात आहे म्हणून सुटतो का? नाही. गोव्याच्या रहिवाशाची भारतात इतरत्र असलेली मिळकतही याच कायद्याने जाते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. आणि साध्या कागदावर दोन साक्षीदारांपुढे लिहिलेलं मृत्युपत्र हा आमच्याकडचा प्रकार; तुमच्याकडे ते विशेष नोटरीपुढे करायचं असतं. म्हापशातच चांगला वकील गाठा.

प्रश्न : बाबा तीन महिन्यांपूर्वी सोलापुरात गेले. सगळे व्यवहार तेच बघायचे. आईला फक्त पेन्शनचं खातं माहीत आहे. त्यांचं एटीएम कार्ड आणि पिन माझ्याकडे आहे, शिवाय त्यांनी मला मुखत्यारपत्रही दिलं होतं. मी एकुलती एक. सुरुवात कुठून करू? – पुणे

उत्तर : सुरुवात कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून. मुखत्यारपत्र देणारा गेला की त्या क्षणी मुखत्यारपत्र संपतं, आणि मृताच्या खात्यातून एटीएमने पैसे काढणं चुकीचं आहे. तुम्ही एकुलत्या एक असलात तरी. आजी हयात असतील तर त्याही वारस आहेत, हे विसरू नका. बाबांचं सिम मात्र इतक्यात बंद करू नका; बँका आणि फंडांचे मेसेज त्याच नंबरवर येतात आणि कुठे काय आहे ते त्यातूनच कळतं.

मग शोध. गेल्या दोन-तीन वर्षांची पासबुकं घेऊन बसा आणि दर वर्षी त्याच सुमाराला जाणाऱ्या रकमा बघा. विम्याचा हप्ता, लॉकरचं भाडं, फंडाची एसआयपी, सगळं तिथे दिसतं. आयकर विवरणाचं लॉगिन असेल तर त्यातल्या वार्षिक माहितीपत्रकात कोणत्या बँकेने व्याज दिलं आणि कोणत्या कंपनीने लाभांश दिला ते येतं. बाबांचं शेवटचं विवरणपत्र तुम्हालाच वारस म्हणून नोंद करून भरायचं आहे, तेव्हा ते काम होऊनच जाईल. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण बुडत नाहीत. ‘उद्गम’ नावाच्या पोर्टलवर नाव आणि पॅन टाकून शोधता येतात. पोस्टाच्या बचतपत्रांसाठी आईला अल्पबचतीच्या एजंटबाई आठवतात का विचारा. सोलापूरसारख्या गावात त्या बाईंना तुमच्या घरातलं तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

जिथे नॉमिनी आहे किंवा खातं ‘दोघांपैकी हयात’ प्रकारचं आहे, तिथे मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि क्लेम फॉर्म एवढ्यावर काम होतं. रक्कम कितीही मोठी असली तरी बँकेने कोर्टाचा कागद मागायचा नाही. नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नव्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, हमीपत्रावर सोप्या पद्धतीने दावा निकाली काढायचा आहे. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत. काउंटरवरचा माणूस ‘सक्सेशन आणा’ (म्हणजे कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र) म्हणाला तर त्याला हे शांतपणे सांगा आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा नियम आठवतो. त्यावरच्या रकमेला किंवा वारसांत वाद असेल तर मात्र दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावं लागू शकतं.

बाबांच्या नावे कर्ज निघालं तर घाबरू नका. वारसाने कर्ज फेडायचं ते मिळालेल्या मिळकतीपुरतं, स्वतःच्या पगारातून नाही. कर्जाबरोबर विमा काढला होता का ते आधी बघा.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : एक दोनशे पानी वही घ्या. एका पानावर एक गोष्ट. कोणती बँक, कोणती शाखा, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे. लॉकरची किल्ली कुठे. कोणाकडून उसने घेतलेत, कोणाला दिलेत. सोसायटीचं भागपत्र, घराचा मूळ खरेदी करार, इंडेक्स दोन (दस्त नोंदणीचा उतारा). मृत्युपत्र कोणाकडे ठेवलंय (लॉकरमध्ये ठेवू नका, ते वाचल्याशिवाय लॉकर कोणी उघडायचा हेच ठरत नाही). पिन आणि पासवर्ड त्यात लिहू नका. दर दिवाळीला नवरा-बायकोने ती वही एकदा एकत्र चाळा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट. शाखेत गेलात की तेही उरकून घ्या. मी ज्यांना ज्यांना हे सांगते ते म्हणतात, ‘अहो, हिला काही कळत नाही यातलं.’ तिला कळत नाही, कारण गेली चाळीस वर्षं ‘इथे सही कर’ यापलीकडे तिला कोणी काही सांगितलेलं नाही.

प्रश्न : मृत्युपत्र करायला स्टॅम्प पेपर किती रुपयांचा घ्यावा? नोंदणी सक्तीची आहे का? साक्षीदार म्हणून जावई चालेल का? मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला तर पुरे होईल का? – वाई

उत्तर : स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे आणि फी किरकोळ. तरी करून ठेवा, कारण ‘हे मागाहून तयार केलंय’ हा पहिला आरोप तिथेच गळून पडतो. नोंदवलेलं मृत्युपत्र नंतर साध्या कागदावरच्या मृत्युपत्रानेही बदलता येतं, फक्त त्यात आधीचं रद्द केल्याचं लिहा. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही साक्षीदार आणि सगळ्यांची ओळखपत्रं न्या, आणि सकाळी लवकर जा.

जावई नको. हिंदूंमध्ये त्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, पण मुलीला काही मिळणार असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. मी असते तर विचारला असता. ख्रिस्ती, पारशी घरात तर साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगीच जाते. डॉक्टर, बँकेतला ओळखीचा माणूस, शेजारचा तरुण घ्या. त्यांना आत काय लिहिलंय ते सांगायची गरज नाही, तुम्ही सही करताना त्यांनी बघितलं की झालं.

व्हिडिओ पुरावा म्हणून असू द्या, पण तो मृत्युपत्र नव्हे. आणि काढणार असाल तर मागे उभं राहून वाक्यं सांगणाऱ्या मुलाला आधी खोलीबाहेर पाठवा. एका प्रकरणात त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.